आवडलं म्हणजे पटलं असं नव्हे

'क्रूर, विकृत कथा ज्यांना आवडतात त्यांच्या मनातच काहीतरी किडलेलं असणार' हे काही मला पटत नाही. 'आवडणं' या एका शब्दात आपण फारच गोष्टी कोंबतोय. नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे रस शृंगार-वीरांच्याच पंगतीला बसलेत. बीभत्साचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा, अर्थात किळस. ज्याला किळसच येत नाही, त्याच्यापर्यंत तो रस पोचलाच नाही!

१९५५ साली आलेली लेखक नाबोकोव्हची 'लोलिता' ही कादंबरी घ्या. निवेदक हंबर्ट एका लहान मुलीवर अत्याचार करतो, पण त्याची भाषा इतकी लाघवी की दोन-चार पानं आपण त्याच्यासोबत वाहवत जातो. मग एकदम भान येतं आणि स्वतःचीच लाज वाटते. मला ती कादंबरी आवडली ती त्या झटक्यासाठी. आता यावरून माझी सामाजिक मूल्यं काढायची तर काढा बापडे.

एक मात्र कबूल. वाचून झाल्यावर माणूस काय बोलतो, ते बोलकं असतं. खुनी नायक 'कसला भारी' वाटला आणि मेलेल्या बाईचं नावही आठवत नाही, असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होतो. पण ते त्याच्या बोलण्यावरून, कपाटातल्या पुस्तकांवरून नाही. (फक्त सोज्वळच वाचणारी माणसं किती जिव्हारी लागेल असं बोलू शकतात, तो विषय वेगळाच.)