स्टँडर्ड डेव्हिएशन काढताना 5 ने भागू की 4 ने? सल्ला हवाय

डिप्लोमावाला_कोल्हापूर: नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. प्रोजेक्टसाठी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये 20 मिमीच्या शाफ्टची मापं घेतोय. पहिली पाच अशी: 20.002, 20.000, 20.004, 19.999, 20.005. यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, एक्सेलमध्ये एका फंक्शनने 2.28 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) येतंय, दुसऱ्याने 2.55. रिपोर्टमध्ये कुठलं लिहू? आणि हे नीट शिकायला क्लास लावावा का?

क्वालिटी_काका: क्लासला पैसे घालू नकोस भावा. वही घे आणि ही पाच मापं एकदा हाताने सोडव.

आधी प्रत्येकातून 20 वजा कर आणि मायक्रॉनमध्ये लिही: 2, 0, 4, −1, 5. सगळ्यांतून एकच आकडा वजा केला तर पसारा तेवढाच राहतो, त्यामुळे उत्तर बदलत नाही. सरासरी 2. सरासरीपासूनचे फरक 0, −2, 2, −3, 3. यांची बेरीज कायम शून्यच येणार, म्हणून वर्ग करायचे: 0, 4, 4, 9, 9. बेरीज 26. 5 ने भागून वर्गमूळ काढलंस की 2.28, 4 ने भागलंस की 2.55.

तुझ्यासाठी 2.55. वर्कशॉपमध्ये शेकडो शाफ्ट निघतात, तू त्यातले पाचच उचललेस. खरी सरासरी तुला माहीत नाही, याच पाचांतून काढलेली वापरतोयस. ती यांना सगळ्यात जवळची असते, त्यामुळे फरक थोडे लहानच दिसतात. शिवाय बेरीज शून्य हे ठरलेलं, म्हणजे चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो. मोकळे चारच. मोजायचे तेवढे सगळेच्या सगळे मोजले असतील तरच 5 ने भाग.

आणि पाच मापांवर रिपोर्ट लिहू नकोस रे. निदान 25-30 घे, एकाच लेथवरची. दोन मशीनचा माल एकत्र केलास तर पसारा कुणाचा तेच कळणार नाही. शाफ्ट पुसूनच मायक्रोमीटर लाव.

डिप्लोमावाला_कोल्हापूर: काका, लय भारी समजलं. पण वर्गच का? वजा चिन्ह काढून टाकलं तर?

क्वालिटी_काका: तेही करतात, त्याला सरासरी विचलन म्हणतात. पण वर्गाची खरी किंमत जोडणीत कळते. समज, शाफ्टचं डेव्हिएशन 3 मायक्रॉन आणि बुशच्या, म्हणजे शाफ्ट ज्यात बसतो त्या नळीच्या, भोकाचं 4. दोन्ही वेगवेगळे बनलेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग क्लिअरन्सचं, म्हणजे दोघांमधल्या फटीचं, 7 नाही, 5 येतं: 9 अधिक 16, पंचवीस, त्याचं मूळ. वर्गांची अशी सरळ बेरीज होते, नुसत्या फरकांची होत नाही. फिटिंगचं काम करणाऱ्याला हे माहीत असायलाच पाहिजे.

राजारामपुरी_मॅडम: काकांनी उत्तम सांगितलंय. मी स्टॅटिस्टिक्स शिकवते, म्हणून परीक्षेपुरती भर घालते. आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचं सूत्र झटपट आहे: इथे 2, 0, 4, −1, 5 यांच्या वर्गांची सरासरी 9.2, वजा 4, म्हणजे 5.2, आणि त्याचं मूळ तेच 2.28. पण ते 20.002 वगैरेवर थेट लावू नकोस. दोन मोठे, जवळपास सारखे आकडे वजा होतात आणि मधे कुठे राउंड केलंस की उत्तर गेलंच. आधी 20 वजा करणं म्हणूनच शहाणपणाचं.

कॅल्क्युलेटर कॅसिओ एफएक्स-82 एमएस पुरेल. आधी मोड 2, मग शिफ्ट, मोड, 1, बरोबर दाबून जुना डेटा पुसायचा. नंतर एकेक आकडा टाकून प्रत्येकापुढे एम प्लस. शेवटी शिफ्ट 2 दाबल्यावर 2 म्हणजे एन ने (एकूण मापांच्या संख्येने) भागलेलं, 3 म्हणजे एन वजा एक ने. एक्सेलमध्ये शेवटी 'पी' असलेलं फंक्शन एन ने भागतं, 'एस' असलेलं एन वजा एक ने. रिपोर्टमध्ये कुठलं वापरलंस आणि किती मापं घेतलीस, दोन्ही लिही.

डिप्लोमावाला_कोल्हापूर: धन्यवाद काका, मॅडम. एकाच लेथवरची 30 मापं घेऊन पूर्ण तक्ता इथेच टाकतो, तेवढा तपासून द्या.