डेव्हिल मे क्राय १ संपला, आता पुढचा कोणता घेऊ? आणि सगळे ३ लाच डोक्यावर घेऊन काऊन नाचतात?

तर्रीपोहा
नमस्कार मंडळी. डेव्हिल मे क्राय या राक्षसमारीच्या गेम-मालिकेचा पहिला भाग नॉर्मलवर (मधल्या काठिण्यावर) संपला. आता त्याच जातीचा पुढचा हवा: तलवार, पिस्तुलं, शत्रूला हवेत टांगून ठेवणं आणि वर कोपऱ्यात चढत जाणारी ग्रेड (किती झोकात लढलो त्याची). लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० (४ जीबी) आणि ८ जीबी रॅम आहे, कंट्रोलर एक्सबॉक्सच्या ठेवणीचा वायरवाला. क्रमाने २, ३, ४, ५ असं जावं का? आणि ३ ची एवढी तारीफ का होते, ते कोणी नीट फोड करून सांगेल का? "ग्राफिक्स भारी" हे उत्तर नको, २००५ चा गेम आहे तो.

वऱ्हाडी_व्हर्जिल
२ सोडून दे. एचडी कलेक्शनमध्ये (जुन्या भागांच्या एकत्र संचात) १, २, ३ एकत्रच येतात, म्हणजे पैसे गेलेलेच आहेत. तरी वेळ घालवू नको.

फोड करून पाहिजे तर आधी २ (२००३) का फसला ते पाहा, म्हणजे ३ आपोआप कळतो. २ मध्ये जागा मोठ्या केल्या, पण हाताला नवीन काम काही दिलं नाही. तलवारी तीन आहेत. तिघींच्या चाली त्याच, फरक फक्त पोच आणि मार किती याचा. बंदुका इतक्या जोरदार की लांब उभं राहून फायरचं बटण दाबत बसलं तरी खोली साफ. शत्रूही बिचारे उभे राहून गोळ्या खातात. मग ग्रेड कशाला चढवायची? आणखी एक: त्यात भूतबाधा झालेलं हेलिकॉप्टर बॉस म्हणून येतं. तलवारीच्या गेममध्ये हेलिकॉप्टर. जाऊ दे.

३ मध्ये उलटं केलं. जवळून लढायची हत्यारं पाच आणि पाचही वेगळी: तलवार, तीन दांड्यांचा नानचाकू, जोडतलवारी, गिटार, हातापायाचे गंटलेट (चिलखती मोजे). एका वेळी दोन हत्यारं आणि दोन बंदुका घेऊन जाता येतात, आणि कॉम्बोच्या मधेच बदलता येतात. वर सुरुवातीपासूनच चार स्टाइल, म्हणजे लढायच्या पद्धती (आणखी दोन पुढे मिळतात). ट्रिकस्टर म्हणजे पळणं आणि हुकवणं, स्वॉर्डमास्टर आणि गनस्लिंगर म्हणजे हत्याराच्या जादा चाली, रॉयलगार्ड म्हणजे मार अडवून साठवायचा आणि एका फटक्यात परत करायचा. सगळं एकाच बटणावर. बटण तेच राहिलं, त्याचा अर्थ बदलला. चांगला दुसरा-तिसरा भाग मी यावरूनच ओळखतो.

गंमत म्हणजे २ वर दिग्दर्शक म्हणून नाव हिदेआकी इत्सुनोचं आहे. तो त्या गेमवर आला शेवटच्या टप्प्यात, आणि ३, ४, ५ मग त्यानेच केले. आणि २ अगदीच वाया गेला असंही नाही. ब्लडी पॅलेस, म्हणजे मजल्यामागून मजला नुसती मारामारी, ही पद्धत त्यातूनच आली.

संत्राबर्फी
व्हर्जिलभाऊंचं पटतं, पण एक गोष्ट राहिली. हत्यारं कितीही द्या, शत्रू तसे नसतील तर माणूस एकच चाल घासत बसतो. ३ आणि ५ मध्ये ग्रेडचा हिशोबच असा आहे की तीच चाल पुन्हा मारली की गुण कमी मिळतात, आणि मार खाल्ला की ग्रेड घसरते. म्हणजे विविधता ही शोभेची गोष्ट उरत नाही. ५ मध्ये तर ग्रेड एस या वरच्या पायरीवर गेली की गाणं चढून धृपदावर येतं, आणि घसरली की खाली येतं. त्यामुळे कोपऱ्यात पाहावं लागत नाही, कानाला कळतं.

४ (२००८) बद्दल इथे कोणी बोललं नाही म्हणून सांगते. लढाई अफलातून, बाकी अर्धा गेम उधारीवर. अकराव्या मिशनपर्यंत नीरो हा नवा पोरगा खेळायचा, बाराव्यापासून दांते, म्हणजे मालिकेचा मूळ नायक, आणि दांते त्याच जागांतून उलटा चालत येतो. तेच बॉस परत, वर फासे टाकून पुढे सरकायचा पट. पण दांतेला चारही स्टाइल खेळता खेळता डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या चार दिशांच्या बटणावर) मिळाल्या त्या ४ मध्येच. ३ मध्ये (पीसीवर) स्टाइल मिशनच्या सुरुवातीला किंवा वाटेतल्या खरेदीच्या मूर्तीपाशीच बदलता येते. तसं मोकळं बदलणं ३ मध्ये हवं असेल तर २०२० ची स्विचवरची आवृत्ती आहे.

माझा क्रम: ३ स्पेशल एडिशन, मग थेट ५. नंतर वाटलं तर ४ स्पेशल एडिशन.

तर्रीपोहा
५ या लॅपटॉपवर चालेल का? आणि ३ फार कठीण आहे म्हणतात.

कूलरची_टाकी
चालेल. ५ ला कमीत कमी जीटीएक्स ७६० आणि ८ जीबी रॅम मागितली आहे, शिफारस जीटीएक्स १०६० (६ जीबी) ची. तू मध्ये बसतोस. जागा ३५ जीबी मोकळी ठेव. १०८०पी, सावल्या कमी, बाकी मध्यम, इमेज क्वालिटी ९० टक्के, फ्रेम सेकंदाला ६० ला बांधून टाक. ८० ते १०० च्या मध्ये डोलण्यापेक्षा एकसारखे ६० केव्हाही बरे. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची असते. फ्रेम लांबल्या की अडवायची वेळ चुकते आणि माणूस म्हणतो आपला हातच बसत नाही.

आता नागपूरचं दुखणं. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ च्या दुपारी लॅपटॉप पंधरा मिनिटांत तापतो आणि आपणच वेग पाडतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के कर. त्याने बहुतेक प्रोसेसरचा टर्बो (आपोआप वाढणारा जादा वेग) बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. या गेमला तेवढा प्रोसेसर पुरतो. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेव. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नको. ती हवा दमट असते, ओल आणि धूळ मिळून पंख्याच्या जाळीवर चिखल होतो. आणि लाइट गेली की लगेच पॉज कर. बॅटरीवर ग्राफिक कार्डचा वेग पडतो, बॉस समोर असेल तर कामच तमाम.

वऱ्हाडी_व्हर्जिल
३ च्या कठीणपणाची भानगड अशी: पहिल्या अमेरिकन आवृत्तीत जपानचा हार्ड तिथला नॉर्मल म्हणून विकला. बोंब तिथून सुरू झाली. २००६ च्या स्पेशल एडिशनमध्ये ते सरळ केलं आणि कलेक्शनमध्ये तीच आहे. सुरुवातीला गोल्ड की यलो विचारलं की गोल्ड घे, म्हणजे मेल्यावर जागेवर उठता येतं. स्टाइल ट्रिकस्टर. तिसऱ्या मिशनच्या शेवटी तीन डोक्यांचा बर्फाळ कुत्रा येतो, नवे लोक तिथेच अडकतात. हावरटपणा करू नको, दोन-तीन फटके मारून बाजूला हो, अंगावरचा बर्फ फोड आणि मग डोकी धर.

संत्राबर्फी
कंट्रोलरबद्दल दोन गोष्टी, ५ साठी.

नीरोच्या तलवारीला मोटारसायकलसारखा एक्सीड आहे. फटका लागतो त्या क्षणी एलटी (मागचा डावा ट्रिगर) दाबलं की एक खूण भरते, अगदी अचूक बसलं तर तिन्ही भरतात. आधी ती कौशल्यं लाल ऑर्ब (शत्रू मारून मिळणारं गेमातलं चलन) देऊन घ्यावी लागतात. अडचण अशी की एलटी हा लांब दाबाचा ट्रिगर आहे, बोट खाली पोचेपर्यंत क्षण निघून जातो. सेटिंगमध्ये एक्सीड एलबीवर (त्याच्या वरच्या बटणावर) टाक आणि एलबीवरचं काम एलटीवर. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

दांते दहाव्या मिशनला येतो. त्याच्या स्टाइल डी-पॅडवर: वर ट्रिकस्टर, उजवीकडे स्वॉर्डमास्टर, डावीकडे गनस्लिंगर, खाली रॉयलगार्ड. पण डावा अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो, त्यामुळे तेवढा वेळ चालणं थांबतं. म्हणून स्टाइल रिकाम्या वेळी बदलू नको. फटका सुरू झाला, हात मोकळा झाला, की तेव्हा बदल.

फुटाळा_नाइट
एवढं डेव्हिल-डेव्हिल चाललंय, बाकीच्यांचंही सांगा ना बे. बायोनेट्टा २ हा याच जातीचा गेम कसा आहे?

संत्राबर्फी
पीसीवर नाही, निन्टेन्डोवरच आहे: २०१४ ला वी यू, २०१८ ला स्विच. पहिला भाग २०१७ पासून पीसीवर आहे आणि तुझ्या मशिनवर पळेल. त्यातला डॉज ऑफसेट शिक: हल्ल्याचं बटण दाबून धरलं आणि हुकवलं, तर कॉम्बो तुटत नाही, जिथे होता तिथून पुढे चालतो. दिसायला २ जास्त देखणा आहे, रंग, वेग, सगळं. पण त्यात अंब्रन क्लायमॅक्स (थोडा वेळ हल्ले अवाढव्य करणारी ताकद) दिला आणि जादूची पट्टी भरली की तेच दाबावंसं वाटतं. माझ्या मते नवीन ताकद जुन्या चाली खाऊन टाकत असेल तर ती चुकीच्या जागी ठेवली आहे.

कूलरची_टाकी
असहमत. क्लायमॅक्स न वापरता खेळता येतं.

संत्राबर्फी
खेळता येतं हो, पण गेमने तसं खेळायला भाग पाडलं पाहिजे.

वऱ्हाडी_व्हर्जिल
भाग पाडणं पाहायचं असेल तर निन्जा गायडन २ (२००८). शत्रूचा हात किंवा पाय तुटतो, पण तो मरत नाही, उलट सरपटत येऊन अंगावर स्फोट करतो. म्हणून जवळ जाऊन जड हल्ल्याचं बटण दाबायचं, एका झटक्यात संपवायचं. कोणाला आधी संपवायचं हा विचार सतत डोक्यात. लढाई संपली की बरीचशी ताकद आपोआप भरते, फक्त लाल झालेला तुकडा सेव्ह मूर्तीपर्यंत तसाच राहतो. म्हणूनच प्रत्येक मारामारी इतकी टोकाची ठेवता आली. २०२५ च्या जानेवारीत त्याची ब्लॅक आवृत्ती अनरिअल ५ या नव्या गेम-इंजिनवर आली, १६५० ला ती जड जाईल.

तर्रीपोहा
ठरलं. ३, मग ५. ५ मध्ये हात बसवायला काय करू?

संत्राबर्फी
द व्हॉइड म्हणून सरावाची खोली आहे त्यात. एकच शत्रू घे. आरबी (उजवं वरचं बटण) दाबून स्टिक मागे आणि वाय (तलवारीचं बटण): शत्रू हवेत. वर गेल्यावर दोन फटके, मग त्याच्या अगदी जवळ असताना ए (उडीचं बटण). पाय त्याच्या अंगावर पडतो आणि हवेतल्या चालींची मोजणी परत शून्यावर येते. पुन्हा दोन फटके, पुन्हा ए. सुरुवातीला ए उशिरा पडतो आणि तू नुसता खाली येतोस. तेव्हा फटका पूर्ण व्हायची वाट पाहू नको, लागल्याचा आवाज आला की दाब. सलग पाच वेळा जमलं की मग स्टाइल मिसळायला घे.

तर्रीपोहा
आणि व्हर्जिल, दांतेचा भाऊ?

वऱ्हाडी_व्हर्जिल
पीसीवर वेगळा विकत मिळतो, डिसेंबर २०२० पासून. त्याची एकाग्रतेची पट्टी असते: पळालं, फटका हवेत गेला किंवा मार बसला की उतरते. चालत जा. सवय मोडायला दोन दिवस लागतील.