ओढ्याकाठची येडी बाभळ तोडली की दुप्पट फुटायलीय, औषध लावावं का?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं रान धाराशिव जिल्ह्यात, तेरणेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या कडेला आहे. दोन्ही काठांनी येडी बाभळ अशी माजलीय की पात्रच दिसंना, पावसाळ्यात पाणी त्या काट्याकुट्यात तुंबतं अन् सरळ सोयाबीनमधी घुसतं, ट्रॅक्टरचे टायर पंक्चर होतात ते वेगळंच. मजूर लावून तोडून घेतली तर पुढच्या पावसाळ्यात एकेका बुडख्याला आठ-दहा फुटवे. आता कुणी म्हणतंय जेसीबी लावा, कुणी म्हणतंय पंपाने ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, कुणी म्हणतंय बुडात जळकं ऑइल ओता. विहीर ओढ्याला लागूनच आहे म्हणून भीती वाटायलीय. कुणी केलं असेल तर नीट सांगा.

परभणीकर_शेती
दादा, आधी पंप बाजूला ठेवा. ओढ्याकाठी फवारणी अजिबात नको. वाऱ्याने उडून सोयाबीन जाईल अन् बाजारातल्या साध्या ग्लायफोसेटमधी जे चिकटद्रव्य असतं ते बेडूक-माशांना फार वाईट. कुणी २,४-डी हे दुसरं तणनाशक सुचवलं तर शेजारी कपाशी आहे का ते बघा, नुसत्या वाफेनंसुद्धा कपाशीची पानं भेंडीसारखी होतात, मग शेजाऱ्याशी भांडण ठरलेलंच.

औषध लावायचंच तर फक्त बुडख्याला, ब्रशनं. झाड जमिनीलगत आडवं कापायचं, भुसा झटकायचा अन् लगेच, म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या आत, सालीच्या आतल्या कडेला गोल लावायचं. मधला काळपट गाभा मेलेला असतो, तिथं लावून फायदा नाही, सालीलगतचा ओला पांढरट भागच औषध मुळाकडं नेतो. एकानं कापायचं अन् दुसऱ्यानं डबा-ब्रश घेऊन मागंच राहायचं, दुपारी तोडून संध्याकाळी लावलं तर कापलेलं तोंड वाळून जातं अन् सगळं वाया. ग्लायफोसेट ४१ टक्क्यांचं असेल तर निम्मं पाणी निम्मं औषध, पण पाणी स्वच्छ पाहिजे, ओढ्याचं गढूळ घेतलं तर औषध मातीलाच चिकटून बसतं. दिवाळीनंतर, ओढ्याचं वाहणं थांबल्यावर करा. पावसाचं चिन्ह असेल त्या दिवशी हात लावू नका.

एक गोष्ट अजून, ऑक्टोबर २०२२ ला केंद्रानं अधिसूचना काढलीय की ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच, म्हणजे परवाना असलेल्या फवारणीवाल्याकडूनच वापरून घ्यायचं, अन् लेबलवर ते चहाचे मळे आणि बिगरपिकाच्या जागेसाठीच आहे. म्हणून आधी कृषी सहायकाला विचारा. हातमोजे, बूट, डोळ्याला चष्मा पाहिजेच. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेत किती माणसं गेली ते सगळ्यांना माहितीय.

बांधावरचा_माणूस
वरच्या भाऊंचं पटतंय पण मी विहिरीजवळ औषधाच्या विरोधातच आहे. या झाडाचे डोळे बुडाच्या गड्ड्यावर, मातीच्या खाली असतात, म्हणून वरून कितीही कापा, फुटणारच. पहार-टिकावानं बुडाभोवती खणून वीतभर ते फूटभर खालून गड्डा तोडला की फुटवा येत नाही, खालची मुळं राहिली तरी चालतं. मेहनत आहे, मजुरी लागते, पण मनगटाएवढ्या झाडाला हेच बरं. अन् जळकं ऑइल, डिझेल, मीठ यातलं काहीच ओतू नका, ते पाण्यात उतरतं अन् माती कायमची नासते.

जेसीबी तर काठावर बिलकूल नको. आपली काळी माती, मुळासकट उपटलं की पहिल्याच मोठ्या पुरात काठ ढासळतो अन् रानच ओढ्यात जातं.

गोदाकाठची_लेक
दोघांचं वाचलं, माझं एवढंच म्हणणं की सगळा काठ एकदम मोकळा करू नका. पट्टा-पट्टा घ्या अन् मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसाळ्यात करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ, निर्गुडी लावा, पाण्याच्या अगदी कडेला वाळा. नाहीतर रिकाम्या जागेत परत तीच उगवते, मातीत पडलेलं बी कित्येक वर्षं टिकतं, शिवाय शेळ्या शेंगा खातात अन् लेंडीतून बी जिथं तिथं पेरतात. म्हणून शेंगा पिवळ्या पडायच्या आधी तोड केलेली बरी, अन् पावसानंतर रोपं बोटाएवढी असतानाच उपटायची, तेव्हा हातानं निघतात.

मजुरांना दाखवून द्या की गावरान बाभळ तोडायची नाही. तिच्या फुलांचे पिवळे गोल गोंडे अन् शेंगा मधीमधी आवळलेल्या असतात, येडीचं फूल लांब तुरा अन् शेंग चपटी, सलग. घाईत दोन्ही साफ होतात अन् मग हळहळ. अन् लाकूड जाळू नका काका, गावात ज्यांच्याकडं गॅस भरायला पैसे नाहीत त्यांची चूल यावरच पेटते, त्यांना आधी सांगा, तोडायलाही येतील. औषध लावलेल्या बुडख्याजवळ मात्र शेळ्या जाऊ देऊ नका.

तेरणाकाठ
लै मोठी मदत झाली. विहिरीच्या बाजूला गड्डे खणून काढतो, पलीकडच्या जाड झाडांनाच ब्रश. ओढ्याचं पात्र सरकारी आहे, तोडायला परवानगी लागंल का?

परभणीकर_शेती
तुमच्या हद्दीतली असली तरी ओढ्याकाठची तोड म्हणून आधी तलाठ्याला लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या, पात्रातल्या झाडांना तर विचारल्याशिवाय हातच लावू नका. अन् पुढच्या पावसाळ्यात फेरी मारा, ज्या जाड बुडख्याला फुटवा दिसेल तो परत कापून लगेच ब्रश मारायचा, एकदा लावून जाड झाड क्वचितच मरतं.

गोदाकाठची_लेक
रोपं सामाजिक वनीकरणच्या नर्सरीत आत्ताच सांगून ठेवा, जूनमधी गेलं की अर्जुन-करंज संपलेले असतात.