मदत हवी आहे : व्हेरिफिकेशनमधून एआय चिपच्या आर्किटेक्चरकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. हिंजवडीत डिझाइन व्हेरिफिकेशन करतो, म्हणजे चिपचं डिझाइन बरोबर चालतं का ते तपासतो. त्यासाठीची सिस्टिमव्हेरिलॉग ही भाषा, यूव्हीएम ही पद्धत रोजचीच. आता मशीन लर्निंगच्या चिपचं आर्किटेक्चर करायचंय, म्हणजे आरटीएल (सर्किटचं कोडमधलं वर्णन) लिहायच्या आधी गुणक (गुणाकार करणारी सर्किटं) किती, मेमरी किती हे ठरवायचं काम.

गूगलच्या पहिल्या टीपीयूवरचा (मशीन लर्निंगसाठीची त्यांची चिप) २०१७ चा पेपर वाचलाय. २५६ × २५६ चा सिस्टॉलिक अ‍ॅरे, म्हणजे आकडे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकवणारी ६५,५३६ गुणकांची जाळी, पण डीडीआर३ मेमरीचा वेग सेकंदाला ३४ जीबी. त्यामुळे काही मॉडेल्समध्ये गुणक मेमरीची वाट बघत बसतात. तेच प्रत्यक्ष बघायला १६ × १६ चा अ‍ॅरे लिहून व्हेरिलेटर या सिम्युलेटरवर चालवला. मॅट्रिक्सला मॅट्रिक्सने गुणताना झकास चालतो; नुसता एक व्हेक्टर दिला की बहुतेक वेळ वेट्स (मॉडेलचे शिकलेले आकडे) भरण्यातच जातो. (खरी गंमत इथेच आहे.) आता सी++ मध्ये परफॉर्मन्स मॉडेल (चिप किती वेगाने चालेल याचा अंदाज देणारा प्रोग्राम) लिहायला घेतलंय, पण त्यातला डीरॅमचा, म्हणजे चिपबाहेरच्या मेमरीचा, भाग अजून अगदी बाळबोध आहे.

पुणे सोडता येणार नाही, नोकरी सोडून एमटेकही शक्य नाही. 'बंगळुरूला जा' हा सल्ला मिळून झालाय. कोर्सच्या लिंक नकोत, ढीगभर आहेत. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल.

अशा टीमसाठी मुलाखती घेणाऱ्यांना विचारतो : माझ्यासारख्याकडे तुम्ही आधी काय बघाल, डीरॅम नीट धरणारं मॉडेल की कंपायलरची (मॉडेलचं चिपच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) समज? आणि थेट आर्किटेक्टची जागा नसेल, तर पुण्यात परफॉर्मन्स व्हेरिफिकेशनमधून (चिपचा वेग ठरल्याप्रमाणे मिळतो का ते तपासण्याच्या कामातून) आत शिरता येतं का?