गुडघा, घोटा, टाच, खांदा: फिजिओचे अनुभव लिहा (सातारा-सांगली)

व्यायामाचा कागद सगळ्यांनाच मिळतो. किती करायचं, कुठे चुकतं, कधी थांबायचं, ते इथे लिहा. ‘छान फरक पडला’ एवढ्यावर कुणाचं भागत नाही.

घाटवाट, सातारा
यवतेश्वर घाट चढताना दम लागतो, पण गुडघा दुखतो तो उतरताना. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन रोखून धरतो आणि वाटीवर दाब येतो. हिल मॅरेथॉनच्या तयारीत सगळे चढच मोजतात, उतार कुणी मोजत नाही.
जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहा. दुसऱ्या पायाची टाच 3 सेकंद घेत जमिनीला नुसती टेकवा आणि वर या. खालच्या पायाने रेटा द्यायचा नाही. 8 ते 10 वेळा, 3 फेऱ्या, दिवसाआड. गुडघा आत कलायला लागला की फेरी तिथेच संपली, पुढच्या वेळी कमी उंचीचा पाट घ्या. दुखणं 10 पैकी 3 पर्यंत चालतं, मात्र दुसऱ्या सकाळी ते पहिल्यासारखं व्हायला हवं. नाही झालं तर फेरी कमी करा, व्यायाम बंद करू नका.

लाल माती, सांगली
घोटा मुरगळला की तालमीत लगेच तेल लावून रगडतात. पहिले दोन-तीन दिवस तरी नको, सूज वाढते. चार पावलंही टाकवत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे.
खरा घोळ नंतरचा. सूज उतरते, तोल आलेला नसतो, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. दात घासताना एका पायावर 30 सेकंद उभं राहायचं. जमलं की डोळे मिटून, बेसिन हाताशी ठेवून.
गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल तर व्यायाम शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

फरशी, कराड
सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाच ठणकते, त्यांच्यासाठी. टॉवेलची गुंडाळी पायाच्या बोटांखाली ठेवून पायरीच्या कडेवर उभं राहा. 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. 12 वेळा, दिवसाआड. फरक पडायला महिने लागतात. आणि दिवसभर फरशीवर अनवाणी वावरलात तर केलेलं पाण्यात. घरात मऊ चप्पल घाला, देवघरापुरती काढा.

वेणीफणी, मिरज
पाठीमागे हात जात नाही, वेणी घालता येत नाही, असा आखडलेला खांदा मधुमेहात जास्त दिसतो. कोपर बरगडीला चिकटवून काठीने हात हळू बाहेर ढकला. रात्री झोपमोड होत असेल त्या काळात घरच्यांकडून हात ओढून घेऊ नका, ठणका वाढतो.

घाटवाट, सातारा
वेणीफणी, शेक चालेल का?

वेणीफणी, मिरज
खांद्याला चालतो, 10-15 मिनिटं, पिशवी टॉवेलात गुंडाळून. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर टाचेला मात्र गरम पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही.