एआयने गाण्यातला आवाज उडवून ट्रॅक बनवणं: तुम्हाला पटतं का?

वाशीकर:
आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एक गाण्याची संध्याकाळ असते, गाणारे घरचेच पण तबला, ढोलकी, कीबोर्डला बाहेरून तिघं यायचे. यंदा कमिटीतल्या एकाने लॅपटॉपवर बसून बाराच्या बारा गाण्यांतून गायकाचा आवाज उडवला, नुसत्या वाद्यांचा ट्रॅक तयार, वादक कॅन्सल. मी दोन गाणी गायलो आणि दोन्ही वेळा मागून मूळ गायक पुसट ऐकू येत होता, विहिरीतून कोणी बोलतंय तसा. त्यात अंतऱ्याआधी मला दम लागला, जरा थांबलो, तर ट्रॅक गेला पुढे! तबलजी असता तर एक आवर्तन जास्त वाजवून सांभाळून घेतलं असतं. घरी रियाजाला वापरा की, स्टेजवर कशाला?

ट्रॅकवाला_ऐरोली:
काका, आमच्या सोसायटीत हे काम मीच करतो त्यामुळे शिव्या मलाच समजा :) पण कराओके क्लब तर आधीपासून आहेत, तेव्हा वादकांचा कळवळा कुठे होता? आणि हिंदीचे तयार ट्रॅक ढीगभर मिळतात, जुनं भावगीत शोधून बघा. पूर्वी डाव्या चॅनेलमधून उजवा वजा करायचा, मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असलेला गायकाचा आवाज जायचा, पण जुनी रेकॉर्डिंग मोनो, दोन्हीकडे तेच, वजा केलं की उरतं शून्य. २०१९ ला डीझर या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने स्प्लीटर हे आवाज वेगळा करणारं एआय सॉफ्टवेअर फुकट दिलं, फेसबुकवाल्यांचं तसंच डेमक्स आलं, तेव्हापासून मोनोतूनही आवाज वेगळा होतो. वर्गणीत तीन वादक बसत नाहीत हो.

डग्गा_कळवा:
मी वाजवणारा माणूस. गणपती ते कोजागिरी आमचा सीझन, त्यातले प्रोग्रॅम कमी झालेत हे खरं, पण सगळा दोष एआयला देणार नाही, लोकांना मुळातच स्वस्त हवंय. एक गंमत सांगतो. ही सॉफ्टवेअरं चार डबे ठेवतात: आवाज, ड्रम, बेस आणि "इतर". शिकलीत बहुतेक पाश्चात्य गाण्यांवर. मी एक ठुमरी टाकून पाहिली तर तबल्याची काठावरची चाट गेली ड्रममध्ये, डग्गा गेला बेसमध्ये, माणूस एकच, हात दोन डब्यांत! सारंगी "इतर" मध्ये जायची ती अर्धी गायिकेच्या आवाजालाच चिकटलेली.

नियमावर_बोट:
आवाज काढला म्हणून रेकॉर्डिंग आपलं होत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो. त्याबद्दल कमिटी कधी बोलते का?

ट्रॅकवाला_ऐरोली:
सोसायटीच्या पार्किंगमध्ये गातोय साहेब, अल्बम नाही काढत.

नौपाडा_माहेर:
सगळे स्टेजवरच अडकलेत. बीटल्सचं २०२३ चं गाणं आठवा, त्यांच्यातल्या जॉन लेननच्या घरगुती कॅसेटमध्ये पियानोखाली दबलेला आवाज असाच सोडवला होता. ते वाचून मी आईची कॅसेट टाकली. ती स्वयंपाकघरात पेटी घेऊन अभंग म्हणायची, बाबांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेला. पेटी पूर्ण सुटली नाही, कारण ती आवाजाच्या मागोमाग त्याच सुरांवर चालते, पण पंख्याची घरघर गेली आणि तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. आणि मध्येच कुकरची शिट्टी होते ना, ती त्या एआयने आवाजाच्या डब्यात टाकली, आईच्या तानेला लागून. मी काढली नाही. वाशीकर, तुमच्या स्टेजसाठी तबलजी बोलवाच, पण या कॅसेटला कुठून आणायचा वादक?