'कल्चरल बर्निंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: शेतीच्या मासिकासाठी ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींवर लेख लिहिते आहे. ते लोक रानातलं वाळलं गवत ठरावीक वेळी हलक्या आगीने जाळतात, त्याला तिथे 'कल्चरल बर्निंग' म्हणतात. मी 'सांस्कृतिक दहन' लिहिलं, पण खटकतंय. 'नियंत्रित वणवा' चालेल?

उत्तर: ताई, 'दहन' नकोच. मराठीत दहन प्रेताचं, नाहीतर होळीचं. 'वणवा' त्याहून चुकीचा. वणवा लागतो, पसरतो, कुणाच्या हाती राहत नाही. २०१९-२० मध्ये आग्नेय ऑस्ट्रेलियात पेटला तो वणवा.

ही आग वेगळी. ज्वाळा गुडघ्याखाली, चाल माणसाच्या पावलाची, आणि झाडाचा शेंडा होरपळता कामा नये. सरडे-किडे निसटतात, मातीतलं बी भाजून मरत नाही. आज हा तुकडा, काही आठवड्यांनी तो. मग पुढे मोठी आग आलीच तर तिला सलग खाद्य सापडत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या पश्चिम भागात सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर २००६ पासून असं काम चालू आहे. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच आग फिरवली की उशिराचे मोठे वणवे कमी होतात.

दुसरं उत्तर: आम्हा कोकणातल्यांना लगेच 'भाजावळ' आठवते, ठाण्याकडे 'राब'. राबही वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग सावकाश चालते. हातोटी तीच! तरी शब्द उसना घेऊ नका. राबात पालापाचोळा, शेण बाहेरून आणून एका वाफ्यावर जाळतात, हेतू रोपांचा. तिथे अख्ख्या रानाची निगा आहे. मी 'राखणीचा जाळ' सुचवेन. राखण म्हटलं की राखणारा माणूस शब्दातच येतो, आणि तोच महत्त्वाचा. कुठलं गवत कधी पेटवायचं हे त्या जागेच्या माणसांना ठाऊक असतं.

प्रश्नकर्ती: 'राखणीचा जाळ' घेतला. आता पुढचा परिच्छेद: तिथल्या शेतकऱ्यांनी याला 'मदत' करावी, असं लिहिलंय.

उत्तर: 'मदत' शब्दात शेतकरी दाता होतो. खासगी मालकीच्या शेतजमिनीवर मूलनिवासींचा 'नेटिव्ह टायटल', म्हणजे पूर्वजांपासून चालत आलेला जमिनीवरचा हक्क, कायद्याने संपलेला असतो, त्यामुळे फाटक उघडायचं की नाही हे शेतकऱ्याच्याच हाती. सरकारी भाडेपट्ट्याच्या चराऊ जमिनीवर मात्र तो हक्क टिकू शकतो, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या विक खटल्यात निकाल दिला. दोन्ही हक्क भिडले तर भाडेपट्टा वरचढ. म्हणून 'वाट मोकळी ठेवणं' लिहा. आणि मोघम ठेवू नका: जळलेल्या तुकड्यावर कोवळं गवत नीट वर येईपर्यंत गुरं सोडू नयेत, जुनी खुणेची झाडं तोडू नयेत, जाणकारांना कामाचा मोबदला द्यावा, आणि दोनदा पाहून आपणच काडी लावू नये.

प्रश्नकर्ती: 'वहिवाट' म्हणू का? शब्द किती आपला आहे.

उत्तर: मोह होतो खरा, पण नको. वहिवाट म्हणजे मागता येणारा हक्क, आणि खासगी जमिनीवर तोच तर त्यांच्याकडे उरलेला नाही. तो शब्द लिहिलात तर वाचकाला वाटेल, सगळं मिळालंय.

दुसरं उत्तर: आणि 'ट्रॅडिशनल ओनर्स'ना 'पारंपरिक मालक' लिहू नका, सातबारा डोळ्यापुढे येतो. 'त्या भुईचे मूळ धनी' लिहा.